मार्गशीर्षांतील भेट आणि मुलांचे खेळ

इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया, तह आणि सारावसुली एवढ्याच गोष्टी सामान्यतः डोळ्यांपुढें उभ्या राहतात. मराठवाड्याचा इतिहास लिहूं इच्छिणारा अभ्यासक हैदराबाद संस्थानच्या जुन्या दफ्तरांत शिरला, तर कोणत्या परगण्याचा वसूल किती, कोणत्या गांवीं इनाम कोणाचें, दुष्काळांत सूट किती मिळाली, हें त्याला फसली सनावार सांपडेल. परंतु त्या गांवचीं मुलें दुपारच्या वेळीं काय खेळत होतीं आणि सणासुदीला त्यांच्या हातावर काय पडत होतें, हें मात्र त्याला कोठेंही सांपडणार नाहीं. विटीवर कर नव्हता, भोवऱ्यावर जकात नव्हती. म्हणून सरकारच्या लेखीं विटीही नव्हती आणि भोवराही नव्हता. वस्तुतः प्रत्येक गांवांत मुलांची वस्ती थोडीथोडकी नसते, आणि प्रत्येक पाटील, पांडे, सुभेदार व कुळवाडी हा एके काळीं मूलच असतो. असें असतां मनुष्याच्या आयुष्यांतील या आरंभींच्या दहाबारा वर्षांस इतिहासांत जागाच नसावी, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

पंडितांचें या बाबतींत थोडें विलक्षणच असतें. गोदावरीच्या खोऱ्यांत, प्रवरेच्या कांठीं दायमाबाद येथें सन १९७४ मध्यें कांशाच्या चार वस्तू सांपडल्या. दोन बैल जोडलेला रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस. रथाला चाकें आहेत, जनावरांसही चाकांवर बसविण्याची योजना आहे. एखाद्या पांच वर्षांच्या मुलापुढें त्या ठेवल्या, तर तें क्षणाचाही विलंब न लावतां दोरी शोधूं लागेल. त्या वस्तू वजनानें भारी आहेत, मोलाच्या आहेत, आणि त्या पूजेच्या किंवा मिरवणुकीच्या असाव्यात असें म्हणण्यास विद्वानांपाशीं सबळ कारणेंही आहेत. त्यांच्या निर्णयांत आम्ही हात घालीत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, मुलाचा विचार शेवटीं करावयाचा किंवा मुळींच करावयाचा नाहीं, ही आपल्या इतिहासलेखनाची जुनी खोड आहे. जमिनींतून निघालेल्या वस्तूंची ही कथा, तर मग जी वस्तु कधीं जमिनींत गेलीच नाहीं, जी केवळ तोंडांत आणि हातांत राहिली, तिची दाद कोणीं घ्यावी?

या प्रश्नाकडे आमचें लक्ष एका निराळ्याच वाटेनें गेलें. डिसेंबरचा महिना लागला म्हणजे अलीकडे नांदेड आणि लातूर येथील दुकानांतून तांबड्या टोप्या, कापसाच्या दाढ्या आणि कागदाचे तारे टांगलेले दिसूं लागतात. शाळांतून नाताळचा बाबा मुलांस गोळ्या वाटतो. यांत कपाळास आठ्या घालण्यासारखें आम्हांस कांहीं दिसत नाहीं. मुलाला कोणीं कांहीं दिलें आणि तें हसलें, तर त्या हसण्याचा धर्म विचारणें हें शहाणपणाचें लक्षण नव्हे. शिवाय नाताळ हा शब्दसुद्धां मराठीस परका राहिलेला नाहीं. पोर्तुगीज भाषेंतून तो आमच्याकडे आला आणि घरचा होऊन बसला. ख्रिस्ती समाजही मराठवाड्यास नवा नव्हे. रेव्हरंड नारायण शेषाद्रि यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जालन्याजवळ बेथेल नांवाचें गांवच वसविलें होतें.

मात्र नाताळच्या भेटीची चाल फार पुरातन आहे अशी जी समजूत इंग्रजी क्रमिक पुस्तकें वाचून आमच्या पिढीची झाली, ती खरी नव्हे. ज्या संत निकोलसाच्या नांवावर ही देणगी चालते, तो आशिया मायनरमधील मायरा येथील चौथ्या शतकांतला बिशप. डच लोकांच्या तोंडीं त्याचें सिंटरक्लास झालें आणि त्यावरून पुढें सांता क्लॉज. पण घरांतील मुलांस त्या रात्रीं खेळणीं द्यावयाचीं, हा रिवाज इंग्लंड-अमेरिकेंत रूढ झाला तो एकोणिसाव्या शतकांतच. न्यूयॉर्क संस्थानांतील ट्रॉय गांवच्या एका वर्तमानपत्रांत संत निकोलसाच्या भेटीवरील सुप्रसिद्ध कविता आली ती १८२३ सालीं. डिकन्सची नाताळकथा निघाली १८४३ सालीं. आणि राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचें, सजविलेल्या झाडाभोंवतीं उभें असलेलें चित्र लंडनच्या सचित्र साप्ताहिकांत छापलें गेलें तें १८४८ सालीं. त्याच्या पूर्वीं मॅसॅच्युसेट्सच्या प्यूरिटन लोकांनीं तर १६५९ पासून १६८१ पर्यंत हा सण पाळणें हाच गुन्हा ठरवून त्यास पांच शिलिंग दंड ठेविला होता. इंग्लंडांत हा सण पूर्वीं बराचसा घराबाहेरचा होता. गरीबगुरिबांनीं धन्याच्या दारीं जावें, गावें, आणि खाणेंपिणें हक्कानें मागून घ्यावें, असा तो प्रकार असे. शहरें वाढलीं, कारखान्यांतून खेळणीं निघूं लागलीं, आणि तो सण रस्त्यावरून उठून दिवाणखान्यांत जाऊन बसला. पूर्वीं दारावर आलेल्या गरिबास जें मिळे, तें आतां घरांतल्या मुलास मिळूं लागलें.

हें सर्व सांगण्याचा हेतु नाताळास कमी लेखण्याचा नाहीं. हेतु हा कीं, मुलांस द्यावयाच्या भेटीलाही इतिहास असतो, आणि तो समाजाच्या घडणीचा इतिहास असतो, हें ध्यानांत यावें. तेव्हां साहजिकच असा प्रश्न उपस्थित होतो कीं, ज्या दिवसांत तिकडे झाडाखालीं पुडकीं ठेविलीं जात, त्याच दिवसांत नांदेड-लातूरकडच्या मुलांस काय मिळत होतें?

याचें उत्तर मार्गशीर्षाच्या वद्य पक्षांत आहे. नांदेडहून लातुरास जाणाऱ्या रस्त्यावर, लोहा तालुक्यांत माळेगांव येथें खंडोबाची मोठी यात्रा भरते. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीस तिचा आरंभ होतो. घोडे, गाढवें, उंट आणि बैल यांच्या बाजाराविषयीं ती दूरवर प्रसिद्ध आहे. लाल कंधारी आणि देवणी या आमच्याकडच्या दोन नामांकित जातींचीं जनावरें येथें पाहावीं. दुसरे दिवशीं अमावास्या. हीच आमच्याकडची येळवस किंवा वेळ अमावास्या. हे दिवस बहुधा डिसेंबरच्या उत्तरार्धांत किंवा जानेवारीच्या आरंभीं येतात. सन २०१९ मध्यें तर ही अमावास्या २६ डिसेंबरास आली, म्हणजे नाताळच्या दुसऱ्याच दिवशीं; आणि त्या दिवशीं सूर्यग्रहणही होतें.

यात्रेंत मुलाला मिळावयाचें तें जत्रेचे पैसे या नांवानें. हे पैसे आई-बापांनींच द्यावेत असें नव्हे. आजा, मामा, चुलता, शेजारचा म्हातारा, ज्याची ज्याची भेट होई त्यानें हातावर नाणें ठेवावें असा शिरस्ता. आमच्या लहानपणीं, म्हणजे सन १९७५ ते १९८० च्या सुमारास, दहा पैशांचें तें कंगोरेदार नाणें मुठींत घट्ट धरून पोरें सबंध बाजार दोनदोनदां पालथा घालीत; कारण तें एकदां खर्चलें म्हणजे निवड करण्याचें सुख संपलें. शेवटीं पदरांत काय पडे? एक शिट्टी, किंवा लाखेच्या रंगाचा लांकडी भोवरा, किंवा काडीवर फिरणारें कागदी चक्र, किंवा रेवड्यांचा पुडा. एवढ्या वस्तूंवर पुढचें वर्ष काढावयाचें असे. पण खरी गोष्ट अशी कीं, वर्ष त्या वस्तूंवर निघतच नसे. चक्र सायंकाळपर्यंत फाटे, शिट्टी आठ दिवसांत बिघडे. भोवरा तेवढा टिके, आणि तोही अशासाठीं कीं त्याला जाळी, मैदान आणि दुसरा भोवरेवाला लागत असे. ती भेट अपुरी असे. उरलेलें सर्व मुलानें स्वतः पुरवावयाचें असे, आणि आमच्या मतें तिचें मोल याच अपुरेपणांत होतें. मुसलमान सोबत्यांस ईदीचे पैसे मिळत, त्यांचीही गति हीच. ईदी आणि जत्रेचे पैसे यांचे भोवरे एकाच रिंगणांत फिरत, आणि एकानें दुसऱ्याच्या भोवऱ्याला खोंच पाडतांना तो कोणत्या सणाचा आहे हें विचारल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

येळवसेची भेट याहून मोठी. कारण त्या दिवशीं मुलाला सबंध शेतच मिळत असे. रब्बीची ज्वारी पोटऱ्यांत किंवा कणसावर आलेली, हरभरा घाटे धरूं लागलेला, करडई काटेरी होऊं लागलेली, असा तो समय. शेतांत कडब्याच्या पेंढ्यांची लहानशी कोप करतात. तींत पांच दगड मांडून, चुन्यानें रंगवून, त्यांस पांडव म्हणून पूजतात. घरून आंबिलाचें बिंदगें डोक्यावर घेऊन गडी पुढें चालतो, मागें दुरड्या घेतलेल्या बायका आणि सर्वांच्या आधीं धांवणारीं पोरें. ज्वारी-बाजरीचे उंडे, पालेभाज्या व ओल्या शेंगांचे दाणे एकत्र करून शिजविलेली भज्जी, गव्हाची खीर, तिळाच्या पोळ्या, असा बेत असतो. ज्याला शेत नाहीं त्याला आमंत्रण असतें. वाटेनें जाणाऱ्यालाही हांक मारून बसवितात. जेवण झालें कीं मोठीं माणसें सांवलीला पडतात आणि मुलांचें राज्य सुरू होतें. बोरी झोडपणें, हरभऱ्याचे ढाळे उपटणें, झाडाला झोका बांधणें, बांधावरून उड्या मारणें, यांस त्या दिवशीं कोणी ना म्हणत नाहीं. सायंकाळीं कडब्याचा हेंडगा पेटवून पिकाभोंवतीं फिरवितात. आजही लातूर जिल्ह्यांत त्या दिवशीं स्थानिक सुटी असते, आणि शहरांतले रस्ते दुपारीं ओस पडतात.

आतां या दिवसाच्या नांवाकडे पाहावें. पंचांगांत वेळ अमावास्या असें छापतात, पण तिचा वेळेशीं कांहीं संबंध नाहीं. बिदर-कलबुर्गीकडे हाच सण एळ्ळ अमावास्ये या नांवानें पाळतात. एळ्ळु म्हणजे कानडींत तीळ. येळवस हें त्याचेंच मराठी तोंडांत झालेलें रूप होय, आणि सुशिक्षितांनीं तें शुद्ध करावयास जाऊन वेळ अमावास्या केलें, ही उपपत्ति आम्हांस ग्राह्य वाटते. एवढेंच नव्हे, उंडे हा शब्द पाहा. कानडींत उंडे म्हणजे गोळा. बिंदगें पाहा. कानडींत बिंदिगे म्हणजे पाण्याची घागर. आंबील ही तर कानडी अंबलीची सख्खी बहीण. म्हणजे ज्या दिवसाला आमचीं मुलें आपला सर्वांत आवडता दिवस म्हणतात, त्याचें नांव, त्यांतला घांस आणि तो घांस ज्यांतून येतो तें भांडें, हीं सर्व सरहद्दीपलीकडचीं आहेत. आणि यांत आश्चर्य कसलें? राष्ट्रकूट राजे स्वतःस लट्टलूर-पुरवराधीश्वर म्हणवीत, आणि तें लट्टलूर म्हणजे आजचें लातूर असें समजतात. कंधारचा किल्ला राष्ट्रकूटांची आठवण सांगतो. देगलूर तालुक्यांतील होट्टलचीं देवळें कल्याणीच्या चालुक्यांच्या काळचीं, आणि तेथील शिलालेख कानडी आहेत. ते शिलालेख वाचावयास आतां पंडित लागतो. उंडे खावयास पंडित लागत नाहीं.

खेळांची साक्ष याहूनही बोलकी आहे. विटीदांडूच्या खेळांत विटी टोलल्यावर अंतर दांडूनें मोजतात. ही मोजणी एक, दोन, तीन अशी होत नाहीं. वकट, लेंड, मूंड, नाल अशी ती चालते. पुढचे आंकडे गांवोगांव थोडे बदलतात आणि शेवटीं झक्कू येतो. ज्या आंकड्यावर मोजणी थांबेल त्याप्रमाणें विटी पायाच्या चवड्यावर, मुठीवर, बोटांच्या चिमटींत किंवा डोळ्यावर ठेवून पुढचा टोला मारावयाचा. या आंकड्यांचा अर्थ विचारला तर कोणीही मराठी मुलगा सांगणार नाहीं. पण देगलूर किंवा बिलोलीकडून दहा कोस पूर्वेस जाऊन एखाद्या तेलुगु मुलास आंकडे मोजावयास सांगावें. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु! ओकटिचें वकट झालें, रेंडुचें लेंड झालें. विशेष हें कीं, ही मोजणी नांदेडपुरती नाहीं. पुण्या-साताऱ्याकडे, जेथें तेलुगु शब्द कानांवर पडण्याचा संभव नाहीं, तेथेंही मुलें वकट-लेंडच म्हणत आलीं. हा खेळ किंवा निदान ही मोजणी कोणीं कोणाकडून केव्हां घेतली, हें कोणत्याही बखरींत नाहीं. पण घेतली, आणि घेणारे मुलगेच होते, याविषयीं शंका घेण्यास जागा नाहीं.

हे खेळ जुने आहेत याला संतवाङ्मयाचा आधार आहे. पैठणच्या एकनाथमहाराजांनीं फुगडी, हुतूतू यांवर भारुडें रचलीं. तुकोबांच्या गाथेंत विटीदांडू, चेंडूफळी, टिपरी या खेळांवर अभंग आहेत. खेळांतून परमार्थ सांगावयाचा, तर तो खेळ ऐकणाऱ्याच्या हाडीमासीं खिळलेला पाहिजे. माहीत नसलेल्या वस्तूचें रूपक कोणी करीत नाहीं. म्हणजे निदान चारशें वर्षें हे खेळ मराठी मुलांच्या अंगवळणीं पडलेले होते. तितक्याच काळापूर्वीं, १५६० सालीं, ब्रूगेल नांवाच्या फ्लेमिश चित्रकारानें एका चौकांत खेळणाऱ्या शेंकडों मुलांचें एक चित्र काढलें आहे. त्यांत ऐंशीहून अधिक खेळ ओळखतां येतात. आमच्याकडे कोणीं असें चित्र काढलें नाहीं, पण शब्दांनीं तें काम थोडेंबहुत झालें आहे.

येथें मुख्य मुद्दा असा येतो कीं, हे खेळ शिकविलें कोणीं? आई-बापांनीं नव्हे, गुरुजींनींही नव्हे. आयोना आणि पीटर ओपी या इंग्रज दांपत्यानें शाळकरी मुलांच्या बोलण्याचालण्यावरील आपला ग्रंथ १९५९ सालीं प्रसिद्ध केला. त्यांनीं दाखविलें कीं, हा सर्व ठेवा मुलाकडून मुलाकडे जातो. दहा वर्षांचा मुलगा सात वर्षांच्या मुलास शिकवितो आणि तीन वर्षांनीं हा तिसऱ्यास शिकवितो. मोठ्या माणसांच्या विद्येची पिढी पंचवीस-तीस वर्षांची, या विद्येची पिढी तीन-चार वर्षांची. तुकोबांपासून आजपर्यंत मोठ्या माणसांच्या चौदापंधरा पिढ्या झाल्या असतील. विटीदांडूच्या शंभरावर झाल्या. इतके हात बदलूनही वकट-लेंड कायम राहिलें, हा चमत्कारच म्हणावयाचा. परंतु याच हिशेबाची दुसरी बाजू अशी कीं, ही सांखळी तुटावयास एक पिढीही लागत नाहीं. दहा वर्षें मैदान रिकामें राहिलें कीं, शिकवावयास कोणी उरत नाहीं. बापाला येतें म्हणावें, तर बाप शिकवूं लागला म्हणजे तो पाठ होतो, खेळ राहत नाहीं.

खेळ टिकविण्याचे यत्न महाराष्ट्रांत झाले नाहींत असें नाहीं, आणि त्यांविषयीं आम्हांस आदरच आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें १९१४ च्या सुमारास खो-खोचे नियम बांधले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानें १९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिंपिकच्या वेळीं हुतूतूचीं प्रात्यक्षिकें करून दाखविलीं. बडोद्याहून व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड निघाले. या खटाटोपानें कांहीं खेळांस मैदान, पंच आणि ढाल मिळाली. पण ज्यांस पंच मिळाला ते क्रीडा झाले. ज्यांस मिळाला नाहीं ते मुलांच्या भरंवशावर राहिले. सूरपारंब्यांना पारंब्या लागतात, म्हणजे वड लागतो. येळवसेच्या झोक्याला शेत लागतें. हीं नियमांच्या पुस्तकांत बसत नाहींत.

मराठवाड्यांत ही सांखळी कोठें कोठें दुखावली, हें आतां पाहूं. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी लातुरास आली १९११ सालीं. लातूरच्या पेठेचा भाग्योदय तेव्हांपासून वाढला. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, आणि त्या रस्त्यांवरून धान्य बाहेर जाऊं लागलें तसा तयार माल आंत येऊं लागला. पत्र्याचीं, पुढें प्लॅस्टिकचीं खेळणीं त्याच वाटेनें आलीं. त्यांनीं खेळ मारले असें आम्ही म्हणणार नाहीं. बाजारी खेळण्यास मैदानांत नेऊन मोडण्याइतकी अक्कल मुलांस तेव्हां होती. खरा घाव निराळ्या ठिकाणीं बसला.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे, गणपति-विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी आणि आसपासचीं गांवें भूकंपानें कोसळलीं. लातूर आणि तेव्हांच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारें आठ हजार माणसें गेलीं. त्यांत मुलें किती, हें लिहितांना हात थांबतो. पुढें पन्नासांवर गांवें नव्या जागीं वसविलीं गेलीं. घरें भक्कम झालीं, रस्ते रुंद आणि सरळ झाले. तें आवश्यकच होतें. पण जुन्या गांवांत गल्ली अरुंद होती म्हणून लपंडाव होता, पार होता म्हणून चिंचोके होते, ओसरी होती म्हणून सागरगोटे होते. गांव हलवितांना घरांचीं मापें घेतलीं गेलीं. खेळांच्या जागांचीं मापें कोणीं घ्यावयाचीं होतीं? आणि शिकविणारा तो दहा वर्षांचा मुलगाच कित्येक गल्ल्यांतून उरला नव्हता.

दुसरा घाव पाण्याचा. सन १९७२ च्या दुष्काळांत मुलांस खडी फोडण्याच्या कामावर आई-बापांबरोबर जावें लागे, आणि तेथें वाटली जाणारी सुकडी हीच त्या वर्षाची भेट असे. तिची चव अजूनही आमच्याहून वडील माणसांच्या बोलण्यांत येते. सन २०१६ च्या एप्रिलांत तर मिरजेहून पाण्यानें भरलेली आगगाडी लातुरास आणावी लागली. एके काळीं ज्या मार्गावर बार्शी लाइटची छोटी गाडी धांवे, त्याच मार्गावर आतां पाण्याचे टांके आले. त्या उन्हाळ्यांत नळापाशीं घागरींच्या रांगा असत, आणि रांगेंत बहुधा मुलांनाच उभें करीत. पाणी भरणें हा ज्याचा दिवस, त्याला संध्याकाळ उरत नाहीं.

तिसरा घाव दिसावयास शुभ आहे. परीक्षेंतील यशाबद्दल लातूरचें नांव महाराष्ट्रभर झालें. लातूर पॅटर्न हा शब्दच रूढ झाला. दूरदूरच्या जिल्ह्यांतून मुलें तेथें येऊन राहतात आणि पहांटेपासून रात्रीपर्यंत अभ्यास करतात. नांदेडचीही वाट तीच. या यशामुळें कित्येक कोरडवाहू शेतकऱ्यांचीं मुलें डॉक्टर झालीं. त्याला नांवें ठेवणें कृतघ्नपणाचें होईल. पण मोठ्या भावाला वेळ नाहीं म्हणजे धाकट्याला गुरु नाहीं. आम्ही महाविद्यालयांत शिकवितों. वर्गांत अधूनमधून वकट म्हणजे काय असें विचारून पाहतों. पूर्वीं सबंध वर्ग हंसे. आतां मागच्या बांकावरून, एखाद्या लहान खेड्यांतून आलेल्या मुलाचा हात तेवढा वर होतो, तोही संकोचानें.

जुना काळ सोन्याचा होता असें आम्ही सुचवीत आहों, असा समज मात्र वाचकांनीं करून घेऊं नये. त्या मैदानांत सर्वच मुलें नव्हतीं. मुलीचा खेळ कडेवर भाऊ घेऊन चाले आणि दहाव्या-बाराव्या वर्षीं तो संपे. जिबलीच्या चौकटी आंखून होतात न होतात तोंच घरून हांक येई. गुरें राखणाऱ्या मुलाला खेळ होता, पण पोट भरलेलें असेलच असें नव्हतें. गांवकुसाबाहेरच्या मुलाला रिंगणाच्या बाहेर उभें राहून भोवरे पाहावे लागत. ज्या येळवसेला वाटसरूस हांक मारून जेवूं घालीत, त्याच दिवशीं त्याला पान वेगळें आणि दूर वाढलें जाई. तेलुगु आंकडा घेतांना जीं मुलें भाषा पाहत नव्हतीं, तीं मोठ्यांनीं शिकविलेली शिवाशीव मात्र पाळीत होतीं. हा कलंक आहे आणि तो पुसून इतिहास लिहितां येणार नाहीं. खेळ राखावयाचे ते त्या रिंगणासह नव्हेत. रिंगण मोठें करूनच राखावे लागतील.

सन १९५६ मध्यें राज्यांची पुनर्रचना झाली. नांदेड जिल्ह्याचा मुधोळकडील भाग तेलुगु मुलखांत गेला; बिदरकडचे उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मराठी मुलखांत आले, आणि १९८२ सालीं लातूर जिल्हा निराळा झाल्यावर ते त्यांत बसले. भाषावार प्रांत करतांना लोकांची भाषा मोजली गेली. पण उदगीरच्या मुलाच्या तोंडांतला वकट आणि निलंग्याच्या दुरडींतले उंडे कोणत्या भाषेच्या हिशेबांत धरावयाचे, हें त्या मोजणाऱ्यांस विचारावयास हवें होतें. ज्या मुलुखाचा वारसा शिलालेखांत कानडी, दफ्तरांत फारसी-उर्दू आणि घरांत मराठी आहे, त्याची खरी एकवाक्यता त्याच्या मुलांच्या खेळांत होती. तो दस्तऐवज अजून नष्ट झालेला नाहीं. पण तो कोणत्याही दफ्तरखान्यांत ठेवलेला नाहीं, आणि ज्यांच्यापाशीं तो आहे तीं माणसें आतां पन्नाशी-साठीच्या पुढचीं आहेत.

यावर उपाय काय? आमच्या मतें दोन कामें कठीण नाहींत. नांदेड-लातूरकडच्या प्रत्येक शाळेनें आपापल्या गांवची विटीदांडूची मोजणी, सूरपारंब्यांचे नियम, सागरगोट्यांच्या पाळ्यांचीं नांवें एका वहींत लिहून घ्यावीं. आजोबांकडून आणि विशेषतः आजींकडून, कारण मुलींच्या खेळांची उपेक्षा दुप्पट झाली आहे. बोलीभाषेंतला एकही शब्द शुद्ध करूं नये. येळवसेची वेळ अमावास्या केल्यानें काय हरवतें तें वर सांगितलेंच आहे. हें काम इतिहासाचें आहे आणि तें इतिहास शिकविणाऱ्यांनींच अंगावर घेतलें पाहिजे. दुसरें काम आई-बापांचें आणि त्याहून सोपें. मार्गशीर्षांत मुलाला भेट अवश्य द्यावी, नाताळची म्हणून द्यावी, यात्रेची म्हणून द्यावी. पण ती अपुरी द्यावी. भोवरा द्यावा आणि संध्याकाळ द्यावी. भोवरा बाजारांत मिळतो. संध्याकाळ मात्र घरांतूनच द्यावी लागते, आणि ती जर मिळाली, तर उरलेल्या चारशें वर्षांची तजवीज मुलें आपण होऊन करतील.